चावी, स्विच आणि सेन्सर : ठिणगी नेमकी कुठे अडते?

उद्यमनगरी

गाडी सुरू होत नाही म्हटले की हल्ली कोल्हापुरातल्या बहुतेक गॅरेजांत एकच निदान ऐकू येते : ‘सेन्सर गेलाय.’ पूर्वी सगळा दोष कार्ब्युरेटरच्या माथी मारला जायचा. १ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ निकष लागू झाले, बहुतेक दुचाकींतही इंधन इंजेक्शन आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) आले, आणि तो मान सेन्सरकडे गेला. मी उद्यमनगरात वाहनांच्या वायरिंगचे काम करतो. ‘खराब’ म्हणून काढून टाकलेले जे सेन्सर माझ्या टेबलावर येतात, त्यांतले बरेचसे तपासल्यावर धडधाकट निघतात. खरा दोष कपलरमध्ये (वायरींच्या जोडात), अर्थिंगमध्ये किंवा एखाद्या स्विचमध्ये असतो. सेन्सर नवा बसवताना कपलर काढून पुन्हा घातला जातो, तेवढ्याने गाडी सुरू होते, आणि महिन्याभराने तीच तक्रार घेऊन गिऱ्हाईक पुन्हा दारात उभे राहते.

माझे म्हणणे असे आहे की कोणताही भाग बदलण्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे हाती असली पाहिजेत. सेन्सर असेल तर, तो स्वतः वीज निर्माण करतो की त्याला वीज पुरवावी लागते? स्विच असेल तर, तो वायर जोडून इंजिन बंद करतो की तोडून? ही उत्तरे ठाऊक नसताना मल्टीमीटर हातात घेणे व्यर्थ आहे, कारण तो दाखवील त्या आकड्याचा अर्थच लागणार नाही.

थोडे मुळापासून सांगतो. कॉइलच्या प्राथमिक गुंडाळीतून बॅटरीचा प्रवाह वाहू द्यायचा आणि ऐन वेळी तो एकदम तोडायचा, ही बॅटरीवर चालणाऱ्या इग्निशनची मूळ कल्पना आहे. प्रवाह तुटताच चुंबकीय क्षेत्र कोसळते, प्राथमिक गुंडाळीत दोन-चारशे व्होल्ट उसळतात आणि सुमारे शंभरपट वेढ्यांच्या दुय्यम गुंडाळीत वीस-तीस हजार व्होल्टपर्यंत दाब चढतो, जो प्लगच्या फटीत ठिणगी पाडतो. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांची ही पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅडिलॅक गाड्यांत आली. तिच्यात सी.बी. पॉइंट (उघडझाप करणारी धातूच्या संपर्कांची जोडी) एकाच वेळी दोन कामे करीत असे : ठिणगी केव्हा पाडायची हे ठरवणे आणि प्रत्यक्ष प्रवाह तोडणे. पुढे इलेक्ट्रॉनिक्सने ही दोन कामे वेगळी केली. ‘केव्हा’ हे सेन्सर सांगू लागला आणि तोडण्याचे काम ट्रान्झिस्टरकडे गेले. सीडीआय (कपॅसिटर डिस्चार्ज इग्निशन) या प्रकारात क्रम उलटा असतो. तिथे कपॅसिटर काहीशे व्होल्टला भरून ठेवलेला असतो आणि पल्सर कॉइल या सेन्सरचा इशारा मिळताच तो इग्निशन कॉइलमध्ये रिकामा केला जातो.

या ‘केव्हा’ला किती महत्त्व आहे ते पाहा. इंजिन मिनिटाला ६००० फेऱ्यांनी फिरत असेल तर क्रँक, म्हणजे पिस्टनने फिरणारा मुख्य दांडा, सेकंदाला १०० फेऱ्या घेतो, म्हणजे एक अंश फिरायला त्याला सुमारे २८ मायक्रोसेकंद लागतात. संथ चालीत पिस्टन टीडीसीला, म्हणजे अगदी वरच्या टोकाला, पोहोचण्याच्या दहाएक अंश आधी ठिणगी लागते, वेग वाढला की ती तीसएक अंश आधी लागते. सेन्सरच्या इशाऱ्यात थोडी जरी गडबड झाली तरी ईसीयूचा हिशेब चुकतो, आणि इशारा अजिबात आलाच नाही तर ईसीयू ठिणगीही देत नाही आणि पेट्रोलही देत नाही.

मोटारीत क्रँकच्या चाकावर दातांची कडी असते. ६० दातांच्या जागेत ५८ दात आणि दोन मुद्दाम गाळलेले, ही रचना फार प्रचलित आहे. प्रत्येक दात सहा अंशांचा. जपमाळेत मेरुमणी हाताला लागला की एक फेरा पूर्ण झाल्याचे कळते, त्याचप्रमाणे ही रिकामी जागा समोरून गेली की ईसीयूला फेरीचा आरंभ सापडतो. मात्र चार स्ट्रोकच्या इंजिनात एक चक्र क्रँकच्या दोन फेऱ्यांत पूर्ण होते, त्यामुळे पिस्टन वर येतो आहे तो कॉम्प्रेशनचा की एक्झॉस्टचा, हे नुसत्या क्रँक सेन्सरवरून कळत नाही. त्यासाठी व्हॉल्व्ह चालवणाऱ्या कॅम दांड्यावर कॅम सेन्सर असतो. एक सिलिंडरच्या अनेक दुचाकींत तो नसतोच. तिथे इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमधल्या दाबाच्या चढउतारावरून स्ट्रोक ओळखतात, किंवा सरळ प्रत्येक फेरीला ठिणगी पाडतात आणि एक्झॉस्टच्या वेळची ठिणगी वाया जाऊ देतात.

आता सेन्सरच्या दोन जाती. पहिल्या जातीत चुंबकाभोवती गुंडाळी असते. समोरून लोखंडी दात गेला की चुंबकीय क्षेत्र हलते आणि गुंडाळीत स्वतःहून एसी व्होल्टेज उत्पन्न होते. दुचाकीच्या मॅग्नेटजवळची (इंजिनासोबत फिरणाऱ्या चुंबकाच्या चाकाजवळची) पल्सर कॉइल, जिला आपण पिकअप कॉइल म्हणतो, ती याच जातीची. तिला बाहेरून वीज लागत नाही, पण तिचे व्होल्टेज वेगावर अवलंबून असते. सेल्फने इंजिन हळू फिरत असताना ते एखाद्या व्होल्टच्या आसपास रेंगाळते आणि जोरात फिरताना कित्येक पटींनी वाढते. बॅटरी उतरलेली असताना सेल्फ फिरतो पण ठिणगी पडत नाही, याचे एक कारण येथे आहे.

दुसरी जात हॉल सेन्सरची. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर ती चालते. तिला तीन वायरी असतात : पुरवठा, अर्थ आणि इशारा. पुरवठा ५ किंवा १२ व्होल्टचा असतो आणि इशारा केवळ ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढाच. इंजिन अगदी हाताने सावकाश फिरवले तरी हा इशारा तितकाच स्पष्ट येतो, पण पुरवठ्याची वायर तुटली की निरोगी सेन्सरही मुका होतो.

वायरी दोन की तीन, हे पाहिले की निम्मी जात कळते. निम्मीच म्हणतो, कारण दोन वायरींच्या कॉइलला तिसरी वायर कवचाची (बाहेरचे काहूर अडवणाऱ्या जाळीची) असू शकते, आणि जुन्या दुचाकींत एकच वायर असून दुसरे टोक बॉडी अर्थला दिलेले असते. एक वायरवाल्या अशाच एका गाडीत हौसेने इंजिनाला रंग मारला होता. पल्सरच्या पट्टीखाली रंग गेला, अर्थ तुटला आणि ठिणगी बंद पडली. स्क्रूखालचा रुपयाएवढा रंग खरवडल्यावर गाडी पहिल्या किकला सुरू झाली.

---

रंकाळाकाठ

साहेब, लेख उपयुक्त आहे. स्विचबद्दलचे आपले विधान मात्र मला नीट उमगले नाही. वडिलांची जुनी १०० सीसी गाडी मी आवडीने जपली आहे. तिची अडचण आपण सांगता त्याच्या नेमकी उलटी आहे. चावी बंद करून काढून घेतली तरी इंजिन चालूच राहते आणि शेवटी गिअरमध्ये टाकून, ब्रेक धरून क्लच सोडावा लागतो. मिस्त्री म्हणतात की लॉक बदला. लॉक बदलला, तरी तेच. चावी बंद असताना इंजिनाला वीज मिळते तरी कुठून?

---

उद्यमनगरी

रंकाळाकाठ, आपला प्रश्न म्हणजे माझ्या दुसऱ्या मुद्द्याचे बोलके उदाहरण आहे.

त्या काळच्या पुष्कळ दुचाकींत सीडीआयला वीज बॅटरीकडून मिळतच नसे. मॅग्नेटमधील वेगळी चार्जिंग गुंडाळी, जिला एक्सायटर कॉइल म्हणतात, ती शंभर-दोनशे व्होल्ट एसी निर्माण करते आणि तेच सीडीआयच्या कपॅसिटरमध्ये जातात. बॅटरी काढून ठेवली तरी अशी गाडी किकवर सुरू होते. मग ती बंद कशी करायची? चावी बंद केली की लॉकमधील दोन टोके एकमेकांना जोडली जातात आणि एक्सायटरची वायर बॉडी अर्थला मिळते. निर्माण झालेली वीज अर्थमध्ये जाते, कपॅसिटर भरत नाही, ठिणगी थांबते. म्हणजे येथे ‘बंद’ याचा अर्थ वायर जोडणे असा आहे. लॉकपासून सीडीआयकडे जाणारी ती वायर मधे कुठे तुटली असेल, किंवा लॉकचा अर्थ सुटला असेल, तर चावी कितीही फिरवा, इंजिनाला काही पत्ता लागत नाही.

आपला लॉक बदलून झाला आहे, त्यामुळे आता हेडलाइटच्या मागचा कपलर उघडावा. हँडल सतत वळते, म्हणून वायरिंग तेथे आणि हँडलच्या मानेजवळ तुटते. बाहेरचे आवरण शाबूत दिसते आणि आतील तांबे तुटलेले असते. इंजिन बंद ठेवून सीडीआयचा कपलर काढा, त्यातील बंद करण्याची वायर आणि बॉडी यांच्यामध्ये मल्टीमीटर सातत्य तपासण्यावर लावा आणि हँडल डावी-उजवीकडे फिरवत राहा. चावी बंद असताना आवाज अखंड यायला हवा आणि चावी चालू करताच तो थांबायला हवा. इंजिन चालू असताना त्या वायरीला हात लावू नका. तो झटका चांगलाच लागतो.

आताच्या बॅटरीवर चालणाऱ्या डीसी सीडीआय, टीसीआय (ट्रान्झिस्टरने प्रवाह तोडणारी इग्निशन) आणि इंजेक्शनच्या गाड्यांत याच्या अगदी उलट असते. चावी आणि किल स्विच (हँडलवरचे इंजिन बंद करायचे बटण) एकामागोमाग एक, बॅटरीच्या पुरवठ्यात बसवलेले असतात. दोघांपैकी एकाने वायर तोडली की ईसीयूचा किंवा कॉइलचा पुरवठा थांबतो. जुन्या गाडीत तुटलेली वायर इंजिन बंद होऊ देत नाही, नव्या गाडीत तुटलेली वायर ते सुरू होऊ देत नाही. जुन्या मिस्त्रींच्या हाताला पहिली रीत वळणी पडली आहे. त्यामुळे किल स्विचची वायर ‘काढून टाकून बघू’ हा त्यांचा उपाय नव्या गाडीत चालत नाही. त्याने धडधाकट गाडीही बंद पडते.

---

गगनबावडेकर

माझ्या पेट्रोल मोटारीबद्दल विचारतो. कोल्हापूरहून निघाल्यावर कळे गावापर्यंत काहीही त्रास होत नाही. घाटातून वर चढून आल्यावर, इंजिन चांगले तापलेले असताना, गाडी चालता-चालता एकदम बंद पडते. झटके नाहीत, मिसिंग नाही, सरळ बंद. सेल्फ व्यवस्थित फिरतो पण गाडी सुरू होत नाही. अर्धा-पाऊण तास बॉनेट उघडून थांबले की काहीच घडले नसल्यासारखी सुरू होते. एका गॅरेजने पेट्रोल पंप बदलला, बिल झाले, तक्रार आहे तशीच. इंजिनाचा दिवा कधी लागतो, कधी लागत नाही. पावसात घाटात उभे राहणे किती सुखाचे असते हे इकडच्यांना सांगायला नको.

---

उद्यमनगरी

आपण लक्षणे इतकी नीट लिहिली आहेत की अर्धे निदान त्यातच आहे. तापल्यावर बंद पडणे आणि निवल्यावर सुरू होणे, तेही मिसिंगशिवाय, हे क्रँक सेन्सरच्या वाटेवरील दोषाचे ठळक लक्षण आहे. ‘वाटेवरील’ हा शब्द मुद्दाम वापरला. सेन्सरच्या आतील बारीक गुंडाळीचा किंवा जोडाचा तापून होणारा विच्छेद असू शकतो, तसाच इंजिनाच्या उष्णतेने कडक झालेल्या वायरीचाही असू शकतो.

पंप का बदलला गेला असावा तेही सांगतो. क्रँकचा इशारा थांबला की इंजिन फिरत नाही असे ईसीयू समजतो आणि पंपाचा रिले (त्याला वीज देणारा स्विच) सोडून देतो. ती सुरक्षेची तरतूद आहे, अपघातात पाइप फुटला तर पंप पेट्रोल ओतत राहू नये म्हणून. मिस्त्रींनी पाहिले की इंजेक्टरांना पेट्रोल देणाऱ्या नळीत (रेलमध्ये) दाब नाही, आणि त्यांनी पंपावर ठपका ठेवला. चावी चालू केल्यावर पंप दोन-तीन सेकंद चालून थांबल्याचा आवाज मागच्या सीटखालून येत असेल, तर पंप, त्याचा फ्यूज आणि रिले बहुधा ठीक आहेत.

पुढच्या वेळी गाडी बंद पडली की निवण्यापूर्वीच एक गोष्ट करा. सेल्फ मारत असताना आरपीएमच्या काट्याकडे पाहा. बहुतेक गाड्यांत तो काटा क्रँकच्या इशाऱ्यावरच हलतो. सेल्फवर तो दोनशे-तीनशेच्या आसपास किंचित उचलला गेला पाहिजे. अजिबात हलला नाही, तर इशारा ईसीयूपर्यंत पोहोचत नाही. ओबीडी सॉकेटला (गाडीच्या दोषतपासणीच्या जोडणीला) लावायचा साधा ब्लूटूथ स्कॅनर आणि मोबाइल जवळ असेल तर तोच आकडा तिथेही दिसेल. पी ०३३५ हा कोड आढळला तर तो क्रँक सेन्सरच्या सर्किटचा असतो, पण त्याचा अर्थ ‘सेन्सर बदला’ असा नाही. सेन्सर, कपलर, वायर आणि ईसीयूचे टोक, या चौघांपैकी कोणीतरी गप्प आहे एवढेच तो सांगतो.

---

जुनाजाणता

आपले विवेचन शास्त्रशुद्ध आहे, परंतु गॅरेजचा व्यवहार निराळा असतो असे नम्रपणे सांगू इच्छितो. लक्ष्मीपुरीत सुटा भाग मिळतो, दुसऱ्या गाडीचा चालू सेन्सर लावून पाहिला की पाच मिनिटांत उत्तर मिळते. प्रत्येक वायर मीटरने तपासत बसलो तर दिवसाला दोन गाड्या होतील आणि त्या तपासणीची मजुरी गिऱ्हाईक देणार नाही. भाग बदलल्याचे पैसे तो देतो, विचार केल्याचे देत नाही.

---

उद्यमनगरी

जुनाजाणता, मजुरीबद्दल आपण बोललात ते शंभर टक्के खरे आहे आणि त्यावर माझ्याकडे उपाय नाही. प्लग, प्लग कॅप आणि काही अंशी एचटी (उच्च दाबाची) कॉइल यांच्या बाबतीत मीही चालू भाग लावूनच पाहतो. पण सेन्सरच्या बाबतीत अदलाबदलीचे उत्तर फसवे असते. एक तर कपलर हलला की दोष तात्पुरता लपतो. दुसरे, दिसायला सारख्या दोन सेन्सरांची लांबी किंवा आतील जात वेगळी असू शकते. सेन्सरचे टोक आणि दात यांच्यामधील फट साधारण एक मिलीमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी असते; ती वाढली की इशारा अशक्त होतो. पल्सरच्या दोन वायरी उलट जोडल्या गेल्या तर इशाऱ्याचे रूपच उलटते, ठिणगीची वेळ सरकते आणि किक उलटी बसते.

मीटरची तपासणीही वाटते तितकी लांबलचक नसते, फक्त जातीनुसार ती वेगळी असते. गुंडाळीच्या सेन्सरचा रोध ओहममध्ये पाहावा. दुचाकीच्या पल्सरला तो बहुधा एक-दोनशे ओहमच्या घरात असतो, मोटारींत काहीशे ते हजारच्या पुढेही जातो. नेमका आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावा. रोध बरोबर आला म्हणजे काम झाले असे नाही. मीटर एसी व्होल्टवर ठेवून सेल्फ मारावा आणि व्होल्टेज उत्पन्न होते की नाही ते पाहावे, कारण चुंबक निकामी झाला असेल तर रोध चांगला येतो पण व्होल्टेज येत नाही.

हॉल सेन्सरचा रोध मोजण्यात काहीच हशील नाही. आत इलेक्ट्रॉनिक चिप असते, तिच्यावर ओहमचा मीटर लावून मिळणाऱ्या आकड्याला अर्थ नसतो. कपलर जोडलेलाच ठेवून मागील बाजूने बारीक पिन सरकवावी, चावी चालू करून पुरवठ्याच्या वायरीवर ५ किंवा १२ व्होल्ट आणि अर्थच्या वायरीवर जवळपास शून्य आहे याची खात्री करावी, मग इंजिन हाताने सावकाश फिरवत इशाऱ्याची वायर शून्य आणि वरची पातळी यांमध्ये उड्या मारते का ते पाहावे. जाड प्रोब समोरून कपलरमध्ये खुपसू नये. त्याने आतील पत्ती फाकते आणि जो लूज कॉन्टॅक्ट नव्हता तो आपणच निर्माण करतो. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांतील कितीतरी कपलर अशाच ‘तपासणीने’ फाकलेले असतात.

---

शिरोलीकर

मी शिरोली एमआयडीसीतील एका फौंड्रीत कामाला आहे. आमच्या पार्किंगमधील स्कूटरींना एक विचित्र व्याधी आहे : स्टँड वर घेतले तरी स्टँडचा दिवा विझत नाही आणि गाडी सुरू होत नाही. तीन-चार सहकाऱ्यांची हीच तक्रार आहे. शोरूमवाले स्विच बदलून देतात, काही महिन्यांनी पुन्हा तेच. याचा संबंध आमच्या जागेशी आहे का?

---

उद्यमनगरी

संबंध असण्याची दाट शक्यता आहे. साइड स्टँडचा स्विच अनेक गाड्यांत चुंबकावर चालतो. स्टँडच्या फिरत्या भागात छोटा चुंबक असतो आणि समोर हॉल चिप किंवा रीड स्विच (चुंबकाने चालणारा छोटा स्विच). चुंबक समोर आला की ‘स्टँड वर आहे’ असे ईसीयूला कळते. जेथे ग्राइंडिंग आणि फेटलिंग (ओतलेल्या भागांची साफसफाई) चालते तेथील हवेत लोखंडाची भुकटी असते, आणि चुंबक तिला बोलावून घेतो. आपल्या स्टँडच्या सांध्याजवळ अंधारात टॉर्च मारून पाहा. काळ्या, केसाळ मिशांसारखा थर चिकटलेला दिसेल. त्या थरामुळे चुंबकाचे क्षेत्र वळते आणि चिपपर्यंत कमी पोहोचते. पुसल्याने तो जात नाही, नुसता इकडून तिकडे सरकतो. चिकटपट्टी दाबून उचलली किंवा चिकट मातीचा गोळा टेकवला तर निघतो. स्विच बदलण्यापूर्वी एवढे करून पाहावे. हाच प्रकार गुंडाळीच्या क्रँक सेन्सरच्या टोकावरही होतो, कारण तेथेही चुंबक आहे. गिअर आणि क्लच झिजून निघालेला लोखंडी चुरा तेथे जमतो.

याच कुळातील बाकीचे स्विचही ध्यानात ठेवावेत. गिअरच्या गाडीत न्यूट्रल स्विच आणि क्लच स्विच, स्कूटरमध्ये ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फ न फिरू देणारा ब्रेक स्विच, आणि गाडी आडवी पडली की ठिणगी व पंप थांबवणारा कलाचा सेन्सर. पडलेली गाडी उभी केल्यावर चावी एकदा बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय अनेक गाड्या सुरू होत नाहीत. त्यात बिघाड काहीच नसतो, तरी लोक गाडी ढकलत गॅरेजला आणतात.

---

दुधाळीतला

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात आमची स्कूटर दोन्ही वेळा पाण्यात गेली. धुऊन, वाळवून, तेल बदलून ती चालू झाली, पण तेव्हापासून कधी मिसिंग मारते, कधी इंजिनाचा दिवा लागतो, कधी आठवडाभर सुरळीत चालते. मिस्त्री दर वेळी वेगळा सेन्सर सांगतात. नदीकाठच्या वस्तीत अशा गाड्या पुष्कळ आहेत, म्हणून सर्वांच्या उपयोगासाठी विचारतो.

---

उद्यमनगरी

दर वेळी वेगळा सेन्सर दोषी ठरत असेल तर कोणताही सेन्सर दोषी नाही, असे मी बेधडक म्हणेन. सर्वांना सामायिक काय आहे ते शोधावे : अर्थिंगचा बोल्ट, ईसीयूचा मुख्य कपलर, चावीचा लॉक.

पुराचे पाणी गढूळ असते, त्यातील क्षार आणि गाळ कपलरच्या आत राहून जातो. वरून गाडी वाळते, आत तांब्यावर हिरवट थर वाढत राहतो. हेडलाइटला दोन-चार अँपिअर लागतात, तो दिवा अशा थरातूनही जेमतेम जळतो. परंतु सेन्सरचा सारा कारभार ५ व्होल्टच्या आत आणि अत्यल्प प्रवाहावर चालतो. तेथे थोडासा जास्तीचा रोध आला की तापमानाचा आकडा चुकतो, थ्रॉटलचा आकडा चुकतो, आणि ईसीयू त्या चुकीच्या आकड्यांवर विश्वास ठेवून ठिणगीची वेळ व पेट्रोलचे प्रमाण ठरवतो.

बॅटरीचे निगेटिव्ह टोक काढून एकेक कपलर उघडावा, इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर फवारावा, मऊ ब्रशने घासावे, पूर्ण वाळू द्यावे आणि सील रबर फाटले असेल तर बदलावे. अर्थचे सर्व बोल्ट काढून त्यांखालची जागा चकचकीत करावी. मग इंजिन चालू असताना बॅटरीचे निगेटिव्ह टोक आणि इंजिनाची बॉडी यांच्यामधील व्होल्टेज मोजावे. ते शून्याच्या जवळ असावे; अर्धा व्होल्ट दिसला तर अर्थ खराब आहे. चावीच्या लॉकचीही हीच परीक्षा घ्यावी. लॉकमध्ये येणाऱ्या आणि लॉकमधून बाहेर पडणाऱ्या वायरींमध्ये, चावी चालू असताना, दोन-तीन दशांश व्होल्टपेक्षा जास्त घट आढळली तर आतील संपर्क जळाले किंवा गंजले आहेत. चावीला किल्ल्यांचा भलामोठा जुडगा लावून खड्ड्यांतून फिरणाऱ्यांच्या लॉकमध्ये ही घट पूर न येताही सापडते.

आणि पुढच्या वेळी, देव करो आणि ती न येवो, पण गाडी बुडालीच तर ‘चालू होते का बघू’ म्हणून चावी फिरवू नका. ओल्या ईसीयूला वीज मिळाली की पत्त्या विद्युत-रासायनिक क्रियेने खाल्ल्या जातात. वीज न देता वाळवलेला ईसीयू पुष्कळदा वाचतो.

---

बावड्याची सई

उद्यमनगरी काका, दोन छोटे प्रश्न आहेत. स्वस्तातला प्लग बसवल्यापासून माझ्या इंजेक्शनच्या गाडीचा मीटर मधूनच वेडावाकडा चालतो, याचा काही संबंध असेल का? आणि भावाच्या मोटारीत सेल्फ फिरतो, पण चावीच्या चित्राचा दिवा लुकलुकत राहतो आणि गाडी सुरू होत नाही. हाही सेन्सर समजावा का?

---

उद्यमनगरी

सई, पहिल्याचे उत्तर बहुधा होय. आताच्या गाड्यांना रेझिस्टर प्लग लागतो. त्याच्या आत साधारण पाच हजार ओहमचा रोध असतो आणि अनेक कंपन्यांच्या प्लगच्या क्रमांकात तो ‘आर’ या अक्षराने दाखवलेला असतो. तो रोध नसेल तर ठिणगीमुळे उठणारे रेडिओ लहरींचे काहूर सेन्सरच्या वायरींत शिरते आणि ईसीयूला नसलेले इशारे दिसू लागतात. कंपनीने सांगितलेल्या क्रमांकाचाच प्लग बसवून घ्या, आधी बाकी काही बदलू नका.

भावाच्या गाडीचा प्रश्न इमोबिलायझरचा, म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा, दिसतो. चावीच्या मुठीत चिप असते आणि लॉकभोवती अँटेनाचे कडे. चिपचा संकेत जुळला नाही तर काही गाड्यांत सेल्फच फिरत नाही, काहींत सेल्फ फिरतो पण ईसीयू ठिणगी व इंजेक्शन रोखून धरतो. दुसरी चावी वापरून पाहा. एकाच कडीत दोन चिपवाल्या चाव्या असतील तर त्या वेगळ्या करा, कारण शेजारची चिप वाचनात अडथळा आणू शकते. दुसऱ्या चावीने गाडी सुरू झाली तर इंजिनाकडे पाहण्याची गरजच नाही.

---

ऊसकरी

आमच्या ट्रॅक्टरला प्लगच नाही, तरी चावी आहे. मग ती नेमके काय बंद करते?

---

उद्यमनगरी

डिझेल दाबाच्या उष्णतेने पेटते, त्यामुळे ठिणगी थांबवण्याचा प्रश्नच येत नाही. इंधनच थांबवावे लागते. जुन्या ट्रॅक्टरला ओढायची दांडी असते. चावीने बंद होणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये पंपावर सोलेनॉइड असतो, तो इंधनाची वाट बंद करतो. तो वीज मिळाल्यावर वाट उघडतो की मिटतो, हे पंपाच्या बनावटीवर आहे, म्हणजे जोडून की तोडून हा प्रश्न तेथेही सुटत नाही. सेल्फ फिरत नसेल तर आधी क्लचखालचा सेफ्टी स्विच पाहा. उसाच्या फडातील चिखल आणि पाचट तेथे अडकते.

---

गगनबावडेकर

कळवण्यास उशीर झाला. गाडी परवा पुन्हा घाटात बंद पडली. आपण सांगितल्याप्रमाणे सेल्फ मारताना काटा पाहिला, तो जागचा हलला नाही. स्कॅनरवरही आरपीएम शून्य आणि कोड पी ०३३५. गाडी निवल्यावर थेट ओळखीच्या वायरमनकडे नेली. सेन्सरचा रोध थंड असताना योग्य होता. सेन्सर काढून हेअर ड्रायरने तापवला, तरी रोध थोडासाच वाढला, तुटला नाही. मग वायर तपासली. एक्झॉस्टजवळून जाणाऱ्या वायरीची क्लिप तुटली होती, वायर उष्णतारोधक पत्र्यावर टेकली होती आणि तिचे आवरण वितळून एका जागी तांबे उघडे पडले होते. पत्रा तापून फुगला की ते तांबे बॉडीला लागत असावे. तेवढा तुकडा बदलून गाडी काल पुन्हा घाटात नेली, व्यवस्थित वर चढली. वायरमन विचारत होते की साधी वायर वापरली आहे, चालेल ना?

---

उद्यमनगरी

फार दिवस चालणार नाही. सेन्सरची मूळ वायर कवचाची असेल किंवा दोन वायरी एकमेकींना पीळ दिलेल्या असतील, तर बदललेला तुकडाही तसाच हवा; नाहीतर कॉइलचे आणि अल्टरनेटरचे काहूर इशाऱ्यात मिसळेल. कवच असेल तर ते जोडावर अखंड करून घ्यावे, मात्र त्याचा अर्थ मूळ रचनेत जेथे दिला असेल तेथेच असू द्यावा, बॉडीला नवी जोडणी देऊ नये. जोड सोल्डर करून उष्णतेने आवळणारी नळी चढवावी, वर इंजिनाच्या तापमानाला टिकणारे काचतंतूचे स्लीव्ह घालावे, आणि तुटलेल्या क्लिपच्या जागी प्लॅस्टिकचा टाय न लावता धातूची रबरी अस्तराची क्लिप बसवावी, कारण एक्झॉस्टजवळ टाय पहिल्या उन्हाळ्यातच ठिसूळ होतो. सेन्सर बदललेला नाही, त्यामुळे ईसीयूला काही नव्याने शिकवावे लागणार नाही. कोड पुसून टाका आणि घाटाच्या दोन-चार फेऱ्या झाल्यावर स्कॅनर पुन्हा एकदा लावून तो परत आला नाही ना, ते पाहा.